चाकूच्या बुडाशी दहा ठिपके

खिशात मावणारा जुना घडीचा चाकू हाती आला, की मुरलेला संग्राहक धार नंतर बघतो. आधी पातं उघडून बुडाशी भिंग धरतो. चाकूची जन्मपत्रिका तिथेच ठोकलेली असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' कंपनीने १९७० साली शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी केला. त्या दशकातल्या चाकूवर सात ठिपके दिसले, तर तो १९७३चा. नमुना-क्रमांकही बोलका. ६२५४ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे घाट. मात्र कुणी हौसेने पातं घासून लखलखीत केलं, की किंमत घसरलीच! गंज दिसलाच तर तेलाचं बोट फिरवा. पॉलिश पेपरला हात लावू नका.