औषधदानातील जयणा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांच्या वाटचालीच्या या मंगल प्रसंगी, आपल्या ट्रस्टने चांदवडमध्ये सवलतीच्या दराचे औषध दुकान सुरू करावे, अशी सूचना अनेकांनी केली आहे. सूचना स्तुत्य आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाने या गावाला विद्यादानाची थोर परंपरा दिली. त्याच भूमीत औषधदानाची भर पडावी, ही भावना स्वाभाविक आहे.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान हे दानाचे चार प्रकार आपण मानतो. माझे निवेदन एवढेच आहे की, अभयावाचून औषधदान अपूर्ण आहे. कापड घेणारा ते बोटांनी चाचपतो, उजेडात धरतो, रंग गेला तर परत आणून देतो. औषध घेणाऱ्यास यातले काहीच शक्य नसते. त्याच्या अज्ञानाची सर्व जबाबदारी देणाऱ्याच्या माथी येते.

ही जबाबदारी चुकली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या अनेक पायऱ्यांवरील हलगर्जीपणा उघडकीस आला. पुढे २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. द्रव्य तेच होते. मर्यादा ०.१ टक्के असताना तपासणीत ते ४८.६ टक्के आढळले.

लहान दुकानास प्रयोगशाळा चालविता येत नाही, हे खरे. परंतु कोणता माल कोणाकडून आला, त्याचा बॅच क्रमांक काय आणि तो कोणास दिला, हे त्यास निश्चित ठेवता येते. बंदीचा आदेश आला की, ज्याच्याकडे ही नोंद आहे तो तासाभरात माल बाजूला काढतो व रुग्णाच्या घरी निरोप पाठवितो. नोंद नसणारा केवळ हळहळतो. म्हणून परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून पक्क्या बिलानेच खरेदी व्हावी. चार पैसे स्वस्त मिळतो म्हणून बिनबिलाचा माल घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

दुसरी गोष्ट फार्मासिस्टची. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा यांनुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. भिंतीवर प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर दुसराच मनुष्य, असा प्रकार आपल्या ट्रस्टच्या नावाला शोभणार नाही. एच-१ अनुसूचीतील औषधांसाठी २०१४ पासून स्वतंत्र नोंदवही आवश्यक असून ती तीन वर्षे जपावी लागते. अनेक प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे तीत येतात. चिठ्ठीशिवाय ती मागणारा आपला आप्त असला, तरी नम्रपणे नकार देण्याचे बळ त्या फार्मासिस्टला विश्वस्तांनीच दिले पाहिजे.

तिसरी गोष्ट साठवणुकीची. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, आणि ते गोठताही कामा नये. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात वीज गेली, तर शीतकपाट केवळ कपाट उरते. म्हणून विजेची पर्यायी सोय, तापमापक आणि रोजच्या तापमानाची वही यांचा खर्च आरंभीच्या अंदाजपत्रकात धरावा.

आता थोडे अप्रिय बोलतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या निधनानंतर उरलेली औषधे कोणा गरजूला द्यावीत, अशी इच्छा पुष्कळांना असते. भावना पवित्र आहे. परंतु ती औषधे आपल्या दुकानात कदापि स्वीकारू नयेत. ती कोणत्या उष्णतेत राहिली, हे कोणास ठाऊक? अर्धवट कापलेल्या पाकिटावरची मुदतीची तारीखही अनेकदा निघून गेलेली असते. जे औषध आपण स्वतःच्या नातवास देणार नाही, ते गरिबास देणे हे दान नव्हे. दात्यांनी त्याऐवजी धनरूपाने साहाय्य करावे.

सवलत किती टक्के द्यावी, यावर मंडळात चर्चा चालू आहे. माझे मत स्पष्ट आहे. प्रथम फार्मासिस्टचे योग्य वेतन, नंतर साठवणुकीची व्यवस्था आणि उरलेल्यातून सवलत. हा क्रम उलटा झाला, तर आरंभी गर्दी होईल. पण पन्नास वर्षांत मिळविलेला विश्वास एका बाटलीत बुडेल. आपल्याच गावात ब्रह्मचर्याश्रमाचे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. तेथील जाणकारांचे मार्गदर्शन मागावे, अशीही माझी सूचना आहे.

आपले साधू-साध्वी दिवसातून दोन वेळा वस्त्र-पात्रांचे प्रतिलेखन करतात. जीव दिसो वा न दिसो, पाहणे चुकत नाही. दर महिन्याला औषधाच्या प्रत्येक फळीचे तसेच प्रतिलेखन व्हावे. मुदत संपलेले बाजूला काढून त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहावे, आणि मुदत संपत आलेले वेळीच परत पाठवावे. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाला ही जयणा नवी नाही.

दुकानाचा ठराव करताना हे नियमही त्याच ठरावात लिहिले जावेत, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.