ऑनलाइन खरेदीची तक्रार आणि दाव्याचा खर्च

ऑनलाइन विक्रेत्याचे कार्यालय बंगळूरला असले, तरी नारायणगावच्या ग्राहकाला तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. ही सोय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिली. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होत असल्याने नारायणगावहून पुण्याचे काही हेलपाटे तरी वाचतात.

दाव्याचा खर्च मात्र मागावा लागतो. उदाहरणार्थ, बिघडलेल्या फवारणी पंपाचे पैसे परत मागताना नोटीस, टपाल, प्रवास यांचा खर्च तक्रारीच्या शेवटी, मागण्यांत वेगळा लिहावा आणि पावत्या जोडाव्यात. आयोग बहुधा ठोक रक्कम देतो, आणि ती अनेकदा तोकडीच पडते. आदेश पाळला नाही, तर दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली होते. शिवाय 3 वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते.