पिकाची उभारी ओळखा



हवामान बदलावरच्या चर्चेत ‘रेझिलियंट’ शेती हा शब्द आता वारंवार कानी पडतो. लवचिक, असा त्याचा अर्थ सांगतात. पण लवचिक म्हटले की वेताची छडी डोळ्यांपुढे येते, आणि चिवट म्हणावे तर हरळी! आपल्या बोलीत त्यासाठी दोन शब्द लागतात. ताण सोसून जिवंत राहणे म्हणजे तग, आणि ताण सरल्यावर पुन्हा वाढीला लागणे म्हणजे उभारी.

मोहोळ येथे १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर तग धरते. उभारी पाहायची ती खरीप ज्वारीत. पावसाने ओढ दिली की ती पाने गुंडाळते आणि वाढ थांबवते. पानांवरच्या मेणचट थरामुळे पाणीही कमी उडते. पाऊस आला की पोंगा उलगडतो, बुडातून फुटवे येतात. म्हणून पाने करपली एवढ्यावरून पीक मोडू नका. चार-सहा ठिकाणची ताटे उपटून उभी चिरून पाहा. आतला वाढीचा कोंब पांढरट व टणक असेल तर ताट जिवंत आहे. तो तपकिरी, मऊ पडला असेल तर त्या ताटाची आशा सोडा. दरम्यान कोळपणी करून भेगा बुजवा.

मक्याला हाच हिशोब लावू नका. गुडघ्याएवढा मका ताण बराच सोसतो. ऐन तुऱ्यात पाणी तुटले तर कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात, तोवर परागकण सरलेले असतात. नंतरच्या पावसाने पाने हिरवी होतात, पण कणसात दाणे भरत नाहीत. तिथे संरक्षित पाणी द्यायचे ते तुऱ्याच्या वेळीच.

आता एक गोष्ट, जी उभारीच्या आनंदात हमखास विसरली जाते. ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत, आणि पावसानंतर आलेल्या लुसलुशीत फुटव्यांत तर अधिकच, हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार करणारे द्रव्य असते. यालाच आपण किराळ लागणे म्हणतो. जनावर धापा टाकते, झोकांड्या खाते, आणि थोड्याच वेळात दगावू शकते. चारा टंचाईत मोह होतो, तरी पीक फुलोऱ्यात येईपर्यंत त्यात जनावरे सोडू नका, हिरवी वैरणही कापून घालू नका. लक्षणे दिसताच, वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवा.