घड्याळाची साक्ष आणि जिभेचा आरोप

मोटारशर्यतीच्या मैदानावर कीर्ति मोजण्याचें साधन म्हणजे घड्याळ. तें स्त्री-पुरुष पाहत नाहीं कीं कुलशील विचारीत नाहीं. एले नीस या फ्रेंच स्त्रीच्या चरित्रांतील जो भाग घड्याळानें नोंदला, तो आज पडताळून पाहिला तरी टिकतो. जो भाग केवळ लोकांच्या जिभेवर राहिला, त्यानें मात्र तिचा घात केला.

तिचें मूळ नांव मारिएत एलेन देलांग्ल. १९०० सालीं पॅरिसच्या नैर्ऋत्येकडील एका खेड्यांत ती जन्मली आणि पुढें पॅरिसच्या रंगभूमीवर नर्तकी म्हणून गाजली. बर्फावरून घसरण्याच्या खेळांत गुडघा दुखावला आणि तिचें नृत्य संपलें. परंतु १९२९ च्या जूनमध्यें मोंतलेरी येथें भरलेली स्त्रियांची शर्यत तिनें जिंकली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बुगाती गाडींतून दहा मैलांचें अंतर वेगानें काटून स्त्रियांचा उच्चांक स्थापिला. त्यानंतर ग्रां-प्रीच्या शर्यतींत ती पुरुषांच्या बरोबरीनें उतरूं लागली.

१९३६ च्या जुलैमध्यें ब्राझीलमधील साओ पाउलो येथें शर्यत संपत आली असतां तिची गाडी प्रेक्षकांत घुसली. कित्येक माणसें दगावली. मृतांचा आकडा एका वृत्तांतांत चार, तर दुसऱ्यांत सहा आढळतो. ती स्वतःहि मरणाच्या दारांतून परतली. तिची कारकीर्द येथेंच संपली असें पुष्कळदां म्हटलें जातें. पण तें खरें नव्हे. १९३७ सालीं त्याच मोंतलेरीच्या धांवपट्टीवर इतर स्त्रियांसह आळीपाळीनें रात्रंदिवस मोटार हांकून तिनें दीर्घ पल्ल्याच्या विक्रमांत आपला वांटा उचलला.

खरा आघात झाला तो १९४९ सालीं. मॉन्टे कार्लोच्या मोटारस्पर्धेच्या वेळीं भरलेल्या एका मेजवानींत लुई शिरों या नामांकित शर्यतपटूनें, ती नाझींच्या गेस्टापो या गुप्त पोलिसांची हस्तक होती, असा आरोप भरसभेंत केला. पुरावा कांहींच दिला नाहीं. पण युद्धाच्या जखमा ताज्या होत्या; आश्रयदाते दूर झाले, स्नेह्यांनीं पाठ फिरविली आणि तिची कारकीर्द पुन्हा सावरली नाहीं. १९८४ सालीं नीस शहरांत दारिद्र्यांत तिचा अंत झाला. पुढें मिरांडा सेमूर या चरित्रलेखिकेनें या आरोपाचा शोध घेतला, तेव्हां त्याला दुजोरा देणारी नोंद मिळाली नाहीं. सेमूर यांचें पुस्तक २००४ सालीं प्रसिद्ध झालें; तोंवर आरोपास पंचावन्न वर्षें लोटलीं होतीं.

वेगाचा विक्रम मान्य होण्यापूर्वीं अंतर मोजतात, क्षणक्षण टिपतात, साक्षीदारांच्या सह्या घेतात. तोंवर तो विक्रम ठरत नाहीं. माणसाच्या अब्रूवर घाला घालणारें वाक्य मात्र ऐकतांक्षणींच खरें मानलें जातें. मोटारीच्या वेगाविषयीं जेवढी चौकशी होते, निदान तेवढी तरी माणसाच्या शीलाविषयीं व्हावी, ही अपेक्षा फार मोठी नाहीं. एले नीसच्या बाबतींत ती चौकशी झाली, परंतु तिचा निकाल ऐकावयास ती हयात नव्हती.