विजेची गिटार आणि तिचा ध्वनिवर्धक

मुलाच्या हट्टाखातर विजेची गिटार घरांत आली, कीं मागोमाग दुसरी मागणी येते ती ध्वनिवर्धकाची. मुलें त्याला 'अँप' म्हणतात. अशा वेळीं वडील मंडळींचा ग्रह असा असतो, कीं जेवढा मोठा तेवढा चांगला. हा ग्रह पैशाला महाग पडतो आणि कानालाही. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या गिटारीचें अंग बहुधा भरीव लाकडाचें असतें. पोकळी नसल्यामुळें तिचा स्वतःचा आवाज अगदीं क्षीण. पोलादी तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कंप पावली, कीं वेटोळ्यांत अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक त्याचा नाद करतो. म्हणजे सतारीला जसा भोपळा, तसा या गिटारीला ध्वनिवर्धक. तो वाद्याचा अर्धा भागच होय.

म्हणूनच कीर्तनाच्या मायक्रोफोनचें यंत्र येथें चालत नाहीं. गिटारीच्या प्रवाहाला सुमारें दहा लक्ष ओहम रोधाचें प्रवेशद्वार लागतें. मायक्रोफोनचें द्वार त्याहून फार कमी रोधाचें असल्यानें आवाज मंद व बोथट होतो.

आतां वॅटचा हिशेब पाहूं. दहा वॅटचे वीस केले, तर आवाज दुप्पट होत नाहीं. थोडासा वाढल्यासारखा वाटतो. कानाला दुप्पट वाटण्यास शक्ति सुमारें दसपट लागते. घरीं शिकणाऱ्यास पांच ते दहा वॅट पुष्कळ झाले. ड्रमच्या साथीला तीस-पन्नास वॅट व बारा इंची कर्णा असावा. सभागृह मोठें असेल, तर लहान यंत्रापुढें मायक्रोफोन ठेवून उरलेलें काम तेथील व्यवस्थेवर सोंपवावें.

दुसरा प्रश्न व्हॉल्व्हचा कीं ट्रॅन्झिस्टरचा. व्हॉल्व्हचें यंत्र जोरांत चालविलें, कीं त्याचा सूर किंचित् फाटतो, आणि तो फाटलेला सूरच कित्येकांना गोड लागतो. परंतु ती गोडी बहुधा मोठ्या आवाजावरच येते. पेठेंतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत ती कोणास सोसणार? शिवाय त्यांत तीनशें व्होल्टच्या वर दाब असतो व यंत्र बंद केल्यावरही तो कांहीं काळ टिकतो. म्हणून मागची फळी घरीं उघडूं नये. नवशिक्यास ट्रॅन्झिस्टरचें, कानाला लावण्याच्या श्रवणयंत्राची सोय असलेलें यंत्र बरें. दुकानांत आपलीच गिटार न्यावी, प्रथम हळू वाजवून पाहावी आणि तारा स्तब्ध असतांना घरघर किती होते तें ऐकावें.

येथल्या केशवराव भोसले नाट्यगृहाचें उदाहरण बोधप्रद आहे. शाहू महाराजांनीं बांधविलेलें हें गृह १९१५ सालीं पॅलेस थिएटर या नांवानें उघडलें. ऑगस्ट २०२४ मध्यें त्याला आग लागून त्याची फार हानि झाली. त्याच्या आरंभींच्या काळांत नट ध्वनिवर्धकाशिवाय गात. आवाज किती लावावा हें गृहाच्या आकारावरून ठरे. तोच नियम आपल्या खोलीलाही लागू आहे.

आणि कानाची मर्यादा विसरूं नये. ८५ डेसिबल आवाज दिवसाकाठीं आठ तास सोसवतो असें धरतात. पुढें दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पाव तासावर येते. अंतःकर्णांतील सूक्ष्म पेशी एकदां गेल्या, कीं पुन्हां उगवत नाहींत. शेजाऱ्यांसाठीं कायदा आहे: २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल. मुलाच्या कानासाठीं मात्र घरांतील वडील मंडळींनींच दक्ष राहिलें पाहिजे. यंत्र पुढें मोठें घेतां येईल. कान दुसरा मिळत नाहीं.