‘जनाना’ : लखनौतील एका शब्दाची वाटचाल

‘जनानखाना’ मराठीत केव्हाच रुळला, त्यामुळे ‘जनाना’ हा शब्द श्रोत्यांना परका वाटणार नाही. फारसीत ‘जन’ म्हणजे स्त्री. वेदांतील ‘जनि’ याच शब्दाशी त्याचे रक्ताचे नाते आहे. ‘आना’ हा प्रत्यय केवळ संबंध दर्शवितो : शाह-शाहाना, मर्द-मर्दाना. हवेलीचा एक भाग मर्दाना, दुसरा जनाना. त्यात स्तुती नाही, निंदाही नाही. मराठीतील ‘बायल्या’ही ‘बाईल’ या साध्या शब्दापासूनच निघाला. पण तो कोणाला गौरवाने लावल्याचे ऐकिवात नाही.

लखनौमध्ये स्त्रीसारखी चाल, वेश वा बोलणे असलेल्या पुरुषालाही ‘जनाना’ म्हणत. मात्र याच शहरात जनानखान्याची बोली ही कवींची आवडती खाण होती. रंगीन आणि इन्शा या कवींनी स्त्रीच्या तोंडच्या भाषेत काव्य रचले. ‘रेख्ता’ या नावाचे स्त्रीलिंगी रूप करून त्या प्रकाराला ‘रेख्ती’ म्हणण्यात आले. पुढे जानसाहेब तर मुशायऱ्यात ओढणी घेऊन, बायकी हावभावांसह रेख्ती म्हणत आणि दाद मिळवीत. त्यात थट्टा होती, क्वचित चावटपणाही होता, पण भाषेचे कसब निर्विवाद होते.

1856 साली इंग्रजांनी अवध खालसा केले. नवाब वाजिद अली शाह नाचगाण्यात रमला, बायकी झाला, म्हणून राज्य गेले, असे सांगणे जेत्यांना सोयीचे होते. आश्चर्य हे की, पुढे आपल्याच सुशिक्षितांनी ते खरे मानले आणि रेख्तीला साहित्याच्या उंबरठ्याबाहेर काढले. वास्तविक 1857 च्या जुलैत बिरजिस कद्र या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून मार्च 1858 पर्यंत लखनौ लढविले ते त्याच्या आईने, बेगम हजरत महलने. म्हणजे वाजिद अलीच्या जनान्यातूनच आलेल्या स्त्रीने! अशा स्त्रीला ‘मर्दानी’ म्हटले की तो सन्मान ठरतो. पुरुषाला ‘जनाना’ म्हटले की अपमान.

शब्दाचा हा कल पुढे कायद्यातही उतरला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग ‘षंढां’विषयी होता आणि तो अवधलाही लागू होता. सरकारी कागदांत ‘जनाना’ही त्याच गटात ओढले गेले. नोंदवहीत नाव चढलेला इसम स्त्रीवेशात रस्त्यावर दिसला, तर त्याला वॉरंटाशिवाय पकडता येई. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.