कागद माहेरचा, नाव सासरचे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी ही बाई कायद्याचे काय काढून बसली, असे तुम्हांला वाटेल. पण हा कायदा आता थेट आपल्या पेटीतल्या कागदांपर्यंत येऊन पोचला आहे.

एखाद्यावर चोरीचा आळ आला, तर चोरी शाबीत करणे हे सरकारचे काम. परकीयांच्या कायद्यात मात्र उलट आहे. आपण परकी नाही हे, ज्याच्यावर संशय त्यानेच दाखवायचे. १९४६ च्या कायद्यात हेच होते आणि १ सप्टेंबर २०२५ पासून आलेल्या नव्या कायद्यातही हेच आहे. पासपोर्टावाचून देशात शिरल्याचे ठरले, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रश्न नागरिकत्वाचा, पण दारात येतो तो पोलीस!

जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूला कामाला आलेल्या काही बंगाली मजुरांना बांगलादेशी समजून सरहद्दीपलीकडे धाडले गेले. ते पश्चिम बंगालचेच निघाले व त्यांना परत आणावे लागले. पोटासाठी परमुलखात आपलीही माणसे जातातच की!

बाईची अडचण याहून मोठी. बाळंतपण घरीच झालेले. जन्माची नोंद असलीच तर माहेरच्या गावी, माहेरच्या नावाने. लग्नानंतर नाव, आडनाव दोन्ही बदललेली. बऱ्हाणपूरकडून आपल्या जळगाव जामोदात आलेल्या सुनेचे तर राज्यही बदलते. त्यात खोट्या दाखल्यांच्या तक्रारींमुळे २०२५ साली महाराष्ट्रात उशिरा होणाऱ्या जन्मनोंदींचे नियम कडक झाले. खोटा कागद करणाऱ्याला शिक्षा अवश्य व्हावी; पण न शिकलेल्या बाईची चुकलेली तारीख हा काही गुन्हा नव्हे. संशयाला हाती काही आधार हवा, आणि नावाच्या लेखनातील किरकोळ फरकावरून कुणाला परकी ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात सांगितले आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की महिन्यातली एक दुपार मंडळाने या कामाला द्यावी. जन्माचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, विवाहनोंद आणि मतदारयादी यांतली नावे ताडून पाहावी. चूक असेल तर आताच अर्ज करावा. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभे केलेच पाहिजे, हेही प्रत्येकीने पाठ करून ठेवावे.

आणि जिची बोली आपल्याहून निराळी, त्या शेजारणीला त्या दुपारी सर्वांत आधी बोलवावे. संशय प्रथम तिच्याच दारी जातो.